जामखेडच्या डॉक्टरीणबाई

आमची धाकटी काकू आशा सेविका आहे. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ओसरीवर तिच्या वह्यांचा ढीग पडतो. गरोदर बायांची वही, लहान मुलांच्या लसींची वही, क्षयाच्या रोग्यांची वही, घरभेटींची वही. काकूचे अक्षर मोठे आणि वहीतले रकाने लहान, म्हणून ते भरण्याचे काम माझ्याकडे येते. ती आठवून आठवून सांगते आणि मी लिहिते.

एकदा असेच लिहिता लिहिता मी तिला विचारले, की आजारी माणसाच्या दारात पहिल्यांदा डॉक्टरने न जाता गावातल्याच एखाद्या बाईने जावे, ही कल्पना कोणाला सुचली असेल? काकू म्हणाली, सरकारला. दुसऱ्या कोणाला सुचणार? मलाही तेव्हा तसेच वाटले. पुढे आपल्या ग्रंथालयात समाजशास्त्राच्या कपाटात एक इंग्रजी पुस्तक हाती आले. त्याचे नाव नुसते 'जामखेड', आणि ते लिहिणारे दोघे नवरा-बायको, मेबल आणि रजनीकांत आरोळे. जामखेड आमच्या गावापासून एस.टी.ने तीन तासांच्या अंतरावर आहे. जगभरचे डॉक्टर जिथे शिकायला येतात ते ठिकाण इतके जवळ असून मला ठाऊक नव्हते, याची लाज वाटली. तेव्हापासून या दोघांविषयी, आणि विशेषतः मेबलबाईंविषयी, जे मिळेल ते वाचत गेले. त्यांना जाऊन पंचवीस वर्षे उलटून गेली. आपल्यापैकी पुष्कळांना त्यांचे नावही माहीत नसेल, म्हणून हा लेख.

मेबल इम्मॅन्युएल यांचा जन्म २६ डिसेंबर १९३५ रोजी जबलपूरला झाला. वडील तिथल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात प्राध्यापक होते. घर विद्येचे आणि धर्मश्रद्धेचे. मराठी ही काही त्यांची मातृभाषा नव्हे. ज्या बायांमध्ये त्यांचे सारे आयुष्य गेले, त्या बायांची बोली त्यांना शिकून घ्यावी लागली, ही गोष्ट पुढचे वाचताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

डॉक्टर होण्यासाठी त्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. डॉ. आयडा स्कडर यांनी उभारलेली ही संस्था. तिथेच त्यांना रजनीकांत आरोळे भेटले. रजनीकांत मूळचे अहमदनगर जिल्ह्यातल्या राहुरीचे, शिक्षक आईबापांचे चिरंजीव. खेड्यात औषधावाचून माणसे कशी मरतात हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. १९६० साली दोघांचे लग्न झाले आणि आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचे असे दोघांनी ठरवले. अशा प्रतिज्ञा तरुणपणी पुष्कळजण करतात. आपल्या स्नेहसंमेलनातही दरवर्षी दोन-चार होतात! आरोळ्यांची प्रतिज्ञा मात्र पुढची चाळीस-पन्नास वर्षे टिकली.

प्रथम ती दोघे नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात रुजू झाली. हाताला गुण होता, दवाखाना भरून वाहत होता. कोणत्याही डॉक्टरला समाधान वाटावे अशी ही स्थिती. पण हळूहळू एक गोष्ट दोघांना टोचू लागली. जुलाबाने सुकलेले मूल बरे करून घरी धाडावे, तर काही महिन्यांनी तेच मूल, नाही तर त्याचे भावंड, पुन्हा तसेच समोर यावे. ज्या विहिरीचे पाणी पिऊन ते आजारी पडले, ती विहीर तशीच होती. ज्या घरात दोन वेळची भाकरी नव्हती, तिथे ती अजूनही नव्हती. शिवाय दवाखान्यापर्यंत पोचणारे थोडे. न पोचणाऱ्यांची गणतीच नाही. बरे करणे आणि निरोगी ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आपल्याला शिकवले आहे ते फक्त पहिले, हे त्यांच्या ध्यानात आले.

दुसरे काम शिकायला ती दोघे अमेरिकेला गेली. तिथे रुग्णालयांतून काम केले आणि शेवटी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथे डॉ. कार्ल टेलर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. मुलेबाळे झालेली, पदव्या हाती आलेल्या. त्या काळी तिथेच राहून गेलेले भारतीय डॉक्टर थोडे नव्हते. ही दोघे १९७० साली परत आली, आणि परत येऊन पुण्या-मुंबईला न राहता जामखेडला गेली.

जामखेड म्हणजे अहमदनगर जिल्ह्याचे दक्षिणेचे टोक. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे, ज्या अहिल्याबाईंच्या नावाने ते पडले त्यांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात.) इतिहासाच्या विद्यार्थ्यांना १७९५ ची खर्ड्याची लढाई आठवेल, ते खर्डेही इथलेच. पण लढाया आणि राण्या इतिहासात राहिल्या, आणि लोकांच्या वाट्याला आला तो दुष्काळ. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, आणि सुगी संपली की बिऱ्हाड गाडीत घालून ऊसतोडीला जाणारी माणसे. आरोळ्यांनी ही जागा मुद्दाम निवडली. मात्र त्यांची एक अट होती: लोकांनी बोलावले तरच यायचे. गावच्या पुढाऱ्यांशी बोलणी झाली, लोकांनी जुनी, तात्पुरती जागा मिळवून दिली आणि १९७० मध्ये काम सुरू झाले. सुरुवातीला तीसेक खेडी हाताशी धरली. या कामाला नाव दिले ते सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प.

नाव आरोग्याचे, पण लोकांना विचारले तेव्हा आरोग्य कोणीच मागितले नाही. लोकांनी मागितले पाणी आणि अन्न. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या आजी-आजोबांकडून सुकडीच्या आणि खडी फोडण्याच्या हकिकती आपण ऐकल्या आहेत, तोच हा दुष्काळ. अशा वेळी गावोगाव आरोग्यावर व्याख्याने देत फिरण्यात काय अर्थ होता? मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी गावातच स्वयंपाक शिजू लागला, आणि गावकऱ्यांनीच तो शिजवायचा असे ठरले. पाण्यासाठी विंधणविहिरी खणल्या आणि हातपंप बसवले. यात एक धोरण होते. पंप शक्यतो दलितवस्तीत किंवा तिच्या जवळ बसवायचे. कालपर्यंत ज्यांना पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते, त्यांच्या दारी आता साऱ्या गावाने घागर घेऊन यायचे. शिवाशिवीवर भाषण न करता तिला धक्का देण्याचा हा मार्ग होता. शुद्ध पाण्याने जुलाब कमी झाले ते वेगळेच.

आता मुख्य गोष्टीकडे येते. खेड्यात कोणी तरी कायम राहायला हवे, डॉक्टर तर राहू शकत नाही, म्हणून प्रथम शिकलेल्या परिचारिका पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. एकट्या तरुण मुलीने परक्या गावात राहायचे, तिची भाषा आणि राहणी निराळी, तिला गावाची भीती आणि गावाला तिचा संकोच. तिने सांगितलेले बायांना पटेना. तेव्हा गावातलीच एखादी बाई का शिकवू नये, असा विचार गावकऱ्यांशी बोलण्यातून पुढे आला.

पण गावातली बाई म्हणजे कोण? लिहिता-वाचता येणाऱ्या बाया त्या काळी त्या गावांत जवळजवळ नव्हत्या. पुढे आल्या त्या बहुतेक निरक्षर. कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली, पुष्कळशा दलित. काही तर चार-पाच लेकरांच्या आया, आणि त्यांतली एक-दोन गमावलेल्या. डॉक्टरांचेच मन साशंक होते, की अक्षरओळख नसलेल्या बाईला रोग, औषध, मात्रा हे कसे शिकवायचे?

ते शिकवण्यात मेबलबाईंचा वाटा फार मोठा होता. आठवड्यातून एकदा या बाया जामखेडला येत आणि मुक्काम करीत. सर्व जातींच्या बायांनी एकत्र जेवायचे आणि एकाच खोलीत झोपायचे. आज हे लिहायला सोपे वाटते. १९७० नंतरच्या त्या वर्षांत, त्या तालुक्यात, ते सोपे नव्हते. घरून निघताना एकमेकींचे पाणी न पिणाऱ्या बाया काही महिन्यांत एकमेकींच्या बाळंतपणांना जाऊ लागल्या. धड्यांना पुस्तक नव्हते. चित्रे होती, गाणी होती, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकीच्या गावात गेल्या आठवड्यात काय घडले याची हकिकत होती. कोणाचे मूल गेले, का गेले, काय केले असते तर वाचले असते. मेबलबाई त्यांच्यात बसून ऐकत. त्यातून डॉक्टरलाही पुष्कळ कळे. बाळंतिणीला काय खाऊ देत नाहीत, गोवर आला की देवीचा कोप समजून काय करतात, जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी का तोडतात, हे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत नाहीत. ते या बायांनी शिकवले.

माझ्या मते मेबलबाईंचे मोठेपण इथे आहे. ज्ञान देणारे पुष्कळ असतात. आपले ज्ञान दुसऱ्याच्या हाती गेल्याने आपले महत्त्व कमी होईल, ही भीती डॉक्टरला असते, प्राध्यापकाला असते आणि, खरे सांगायचे तर, परीक्षेच्या आधी आपल्या टिपणवह्या लपवणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांनाही असते. वेल्लोर आणि बाल्टिमोर इथे कमावलेली विद्या ओसरीवर बसून निरक्षर बाईच्या ओंजळीत घालायची, आणि तिने ती मडक्यात भरून घरोघर न्यावी असे मनापासून इच्छायचे, याला वेगळे काळीज लागते.

या बाया करीत तरी काय? गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची खबर ठेवत, पाय सुजले का, रक्त कमी आहे का ते पाहत. नाळ कापायचे साधन उकळून घेतल्याशिवाय वापरू देत नसत. लहान मुलाचा दंड मोजून ते खंगले आहे का ते ओळखत. जुलाब लागला की मीठ-साखरेचे पाणी करून पाजायला आईला शिकवत; सांगून भागले नाही तर स्वतः मांडीवर घेऊन पाजत. अंगावरचा बधिर चट्टा पाहून कुष्ठरोगाचा संशय घेत, दीर्घ खोकल्यावरून क्षयाचा. कुष्ठरोग्याला गावाबाहेर न काढता घरी ठेवूनच औषध द्यायचे, हेही त्या घरच्यांच्या गळी उतरवत. पाळणा लांबवण्याविषयी बाईशी बोलायचे असेल तर गावातल्या बाईइतके मोकळे कोण बोलणार?

पण एकट्या बाईवर सारे सोपवून आरोळे मोकळे झाले नाहीत. त्यांची रचना तीन दुव्यांची होती. पहिला दुवा गावातली आरोग्य सेविका. दुसरा फिरते पथक, ज्यात परिचारिका, इतर कार्यकर्ते आणि वेळोवेळी डॉक्टर असत. ते ठरलेल्या दिवशी गावात येई. तिसरा जामखेडचे रुग्णालय, अडलेली बाळंतीण किंवा शस्त्रक्रियेचा रोगी यांच्यासाठी. पथक गावात आले की आधी सेविकेला भेटे. कोणत्या घरी जायचे, कोणाला आधी पाहायचे हे तीच सांगे. तिने रुग्णालयात पाठवलेल्या रोग्याकडे तिथे लक्ष दिले जाई, आणि तो घरी परतला की पुढची काळजी पुन्हा तिच्याकडे. क्षय, कुटुंबनियोजन, बालसंगोपन यांची वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या दिवशी दार ठोठावत नसत. घर एक, माणसे तीच, तर आरोग्यही एकत्रच पाहायचे. शिवाय गावात शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. झाडे, विहिरी, सांडपाणी, बायांची छोटी कर्जे हे प्रश्न त्यांनी हाती घेतले. सेविकेच्या पाठीशी गाव उभे राहिले ते या मंडळांमुळे.

परिणाम आकड्यांत सांगायचा तर असा. या गावांत १९७१ मध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाची होण्याआधी दगावत होती. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला. पाच वर्षांत! नवे मोठे यंत्र आले नव्हते. उकळलेले पाते, मीठ-साखरेचे पाणी, वेळेवर टोचलेली लस, पोटभर अन्न आणि दार उघडायला लावणारी ओळखीची बाई एवढेच आले होते.

ही वार्ता जामखेडपुरती राहिली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जगातल्या लोकाश्रयी आरोग्यप्रयोगांवर एक ग्रंथ काढला, त्यात जामखेडचे प्रकरण आरोळे दांपत्याने लिहिले होते. चीनमधल्या अनवाणी डॉक्टरांचा प्रयोगही तेव्हा जगात गाजत होता. १९७८ मध्ये सोव्हिएत संघातल्या अल्मा-अता येथे देशोदेशींची सरकारे जमली आणि सर्वांसाठी आरोग्य हे ध्येय ठरले. त्या विचाराला बळ देणाऱ्या उदाहरणांत जामखेडची गणना होते. १९७९ साली दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे जामखेडला प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आणि देशोदेशींचे डॉक्टर तिथे येऊ लागले. त्यांना शिकवायला ज्या उभ्या राहत त्यांत या ग्राम आरोग्य सेविकाही असत. मेबलबाईंनी काही काळ युनिसेफच्या दक्षिण आशिया विभागाच्या सल्लागार म्हणूनही काम केले. मी वाचलेले ते पुस्तक १९९४ साली निघाले. २७ सप्टेंबर १९९९ रोजी मेबलबाई वारल्या; वय अवघे त्रेसष्ट. रजनीकांत २०११ पर्यंत काम करीत राहिले. पुढे ते त्यांच्या मुलांच्या पिढीने चालवले.

सरकारनेही गावातला माणूस निवडून शिकवण्याची कल्पना घेतली. १९७७ साली देशभर हजार वस्तीमागे एक आरोग्य स्वयंसेवक नेमण्याची योजना आली. महिना पन्नास रुपये मानधन. पण निवडले गेले त्यांत पुरुषच अधिक, आणि ती योजना पुढे कोमेजली. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली. या वेळी ती बाईच असावी आणि त्याच गावची असावी असे ठरले. आज देशात आशांची संख्या लाखांत आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. त्याच आशांना मानधनासाठी मोर्चे काढावे लागतात, हेही आपण वर्तमानपत्रांत वाचतो.

इथे मी पुन्हा आमच्या ओसरीवर येते. पुस्तक इंग्रजीत, म्हणून रोज रात्री थोडे थोडे मी काकूला मराठीत सांगितले. हातपंपाची गोष्ट ऐकून ती हसली. एका खोलीत झोपण्याची ऐकून गप्प झाली. मग तिने दोनच प्रश्न विचारले. त्या बाया दर आठवड्याला जामखेडला जात, तेव्हा बोलत कोण होते, त्या की डॉक्टर? आणि त्यांनी पाठवलेली बाई रुग्णालयात पोचली की त्यांना आत घेत का?

ती हे का विचारते ते मला ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात ती एका अडलेल्या बाईला घेऊन रात्री दवाखान्यात गेली होती. बाईला आत घेतले. काकूला बाहेरच्या बाकावर बसवले. वाटेत झटका आला होता हे तिला सांगायचे होते. ते विचारायला पहाटेपर्यंत कोणी आले नाही. बाई आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत, पण काकू ती रात्र विसरलेली नाही. तिच्या महिन्याच्या बैठकीत वह्या तपासल्या जातात, आकडे घेतले जातात, कमी असतील तर कारण विचारले जाते. गावात काय पाहिलेस, असे कोणी विचारत नाही.

जामखेडहून सरकारने गावातली बाई घेतली, तिची वही वाढवली. मात्र तिच्यासमोर बसून ऐकणाऱ्या मेबलबाई घेतल्या नाहीत, असे मला वाटते. हा दोष एखाद्या अधिकाऱ्याचा आहे असे मी म्हणत नाही. लाखो बायांसाठी तेवढे डॉक्टर कुठून आणायचे, असेही कोणी म्हणेल. पण आठवड्याऐवजी महिन्याला, दिवसाऐवजी तासभर, एवढे तर जमेल? जामखेडला यंत्र महाग नव्हते. महाग होता तो डॉक्टरचा वेळ, आणि तो मेबलबाईंनी दिला.

त्या रात्री वह्या मिटल्यावर मी काकूला विचारले, की या महिन्यात गावात तू काय पाहिलेस? ती प्रथम म्हणाली की सगळे लिहिले आहे. मग थोड्या वेळाने बोलू लागली. वरच्या आळीतली एक सून चौथ्या महिन्यातच ऊसतोडीला गेली, तिच्या गोळ्या घरातच राहिल्या. एक म्हातारा क्षयाचे औषध घेतो असे सांगतो आणि चुलीमागे टाकतो, कारण रिकाम्या पोटी ते सोसत नाही आणि घरात सकाळी भाकरी नसते. एका पोरीला शाळेतून काढले आहे, तिचे लग्न ठरते आहे. यांतल्या एकाही गोष्टीला वहीत रकाना नव्हता. मी मागचे कोरे पान काढले आणि लिहून घेतले.